उचलू नये

आमच्या भागात कचऱ्याची पिशवी पारदर्शक लागते. प्रत्येक घराला एक काळी पिशवी माफ आहे, तिच्यात काय ती गुपितं कोंबा. बाकी सगळं आरपार दिसलं पाहिजे. डबे-बाटल्या निळ्या पिशवीत, कागद वेगळा, खरकटं आणि सालं हिरव्या डब्यात. दर दुसऱ्या मंगळवारी सकाळी ट्रक येतो. ट्रकच्या अर्धा तास पुढे माझी पिकअप असते. मी प्रत्येक दारापुढे थांबून पिशव्या बघते, आणि ज्या पिशवीत चूक असेल तिच्यावर नारिंगी स्टिकर लावते. स्टिकरवर ‘उचलू नये’ असं छापलेलं असतं आणि खाली चुकांची यादी; चूक कुठली, त्या ओळीपुढे खूण करते. स्टिकर लावलेल्या पिशवीला ट्रकवाला हात लावत नाही. ती ज्याची त्याने घरात परत न्यायची, नीट निवडायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा बाहेर ठेवायची.

एकोणीस वर्षं मी हे करतेय. क्रीझर्स कोव्ह या आमच्या गावातले लोक मला चोंबडी म्हणतात. म्हणोत बापडे. झ्विकरांचा जावई घर सोडून गेला हे मला त्याच्या सासूच्या आधी कळलं होतं, कारण त्यांच्या पिशवीत दाढीची पाती दिसेनाशी झाली. कोण पुन्हा प्यायला लागलं, कुणाकडे बाळ येणार, कुणाचं पोट बिघडलंय, मला सगळं माहीत असतं आणि मी कुणाला सांगत नाही. पिशवी बघायची, खूण करायची, पुढे जायचं. देवाधर्माचं, भुताखेतांचं मला कधीच वेड नव्हतं. आमची आई पत्ते उलटून भविष्य बघायची, तेव्हा मी उठून भांडी घासायला जायचे.

सगळ्या रस्त्यावर माझा वचक. घरात मात्र माझं कुत्रंही ऐकत नाही, असं म्हटलं असतं. पण कुत्रं नाही, भाऊ आहे. एल्डन माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, त्र्याहत्तरचा. चाळीस वर्षं त्याने लॉबस्टर पकडले. त्याची बायको गेली, माझा नवरा त्याआधीच गेला होता, तेव्हा सात वर्षांपूर्वी मी त्याला म्हटलं, दोन चुली कशाला, इकडेच ये. तो आला आणि त्याच्याबरोबर त्याच्या सवयी आल्या. रोज सकाळी दहाला सार्डिनचा डबा फोडायचा. डबा धुवायचा नाही. झाकण आत दाबायचं आणि चहाची वापरलेली पिशवी पिळून त्यातच टाकायची. मग निळ्या पिशवीला कोळ्याची अशी गाठ मारायची, की मला ती कात्रीनेच कापावी लागे.

"एल्डन, चहाची पिशवी हिरव्या डब्यात."

"अगं, त्या माशाने जन्मभर खारं पाणी प्यायलं. जाताजाता घोटभर चहा मिळू दे बिचाऱ्याला."

"एक दिवस तुझ्याच दारात स्टिकर लावीन."

"माझं दार म्हणजे तुझंच की, इन्स्पेक्टरबाई."

असं आमचं चालायचं. त्याचं काळीज नाजूक झालं होतं, डॉक्टरांनी चार वेळच्या गोळ्या दिल्या होत्या. औषधाच्या दुकानातून दर आठवड्याला त्यांचा पुठ्ठा यायचा. एकेका वाराचा उभा रकाना, प्रत्येक रकान्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपताना अशी चार घरं. त्या त्या वेळी घर फोडायचं आणि गोळ्या घ्यायच्या. घर फुटलंय की नाही हे मी रोज बघायचे. त्याला वाटायचं मी त्याच्यावर नजर ठेवते. ठेवतच होते. माझं दुसरं होतं कोण?

मार्चच्या शेवटच्या मंगळवारी दोनशे चौदा नंबरच्या जागेपुढे मला पिशव्या दिसल्या.

दोनशे चौदावर घर नाही. क्रीझर कुटुंबाचं घर तिथे होतं, ते अकरा वर्षांपूर्वी जळालं. आता तळघराचा खड्डा आहे, लायलकचं एक झुडूप आहे आणि रस्त्याच्या कडेला नंबराची पाटी तेवढी उभी आहे. त्या सकाळी धुकं होतं, कडेच्या बर्फाची काळी ढेकळं अजून वितळायची होती. पाटीखाली तीन पिशव्या ओळीने ठेवलेल्या. एक पारदर्शक, एक निळी, एक कागदांची.

मला राग आला. कुणीतरी आपला कचरा रिकाम्या जागेत टाकतंय. अशा वेळी पिशवी उघडून नावपत्त्याचा कागद शोधायचा असा नियम आहे. मी निळ्या पिशवीला हात घातला आणि थांबले. गाठ कोळ्याची होती. कात्रीने कापली. आत सार्डिनचे डबे, झाकणं आत दाबलेली आणि प्रत्येकात चहाची पिळलेली पिशवी.

पारदर्शक पिशवीत वर्तमानपत्राच्या सैल गुंडाळीत एक फुटलेली बशी होती. पांढरी, निळ्या काठाची, तिच्यावर बदक. तीन तुकडे झाले होते आणि एका तुकड्यावर बदकाचं नुसतं डोकं होतं.

आमच्या आईची तशी एक बशी माझ्या कपाटात होती.

इतक्यात मागून ट्रक आला. ट्रक चालवतो बॉयड कॉर्कम. माझ्याइतकीच वर्षं झाली त्याला, आणि तोंड कायम सुरू. त्याने खिडकीतून डोकं काढलं.

"काय गं, भुतं पण वर्गीकरण करायला लागली का?"

"एल्डनचा चावटपणा आहे. उचल."

बाकी निवडलेलं सगळं नियमात होतं. न धुतलेले डबे, त्यात चहाची पिशवी, एवढ्यावर आम्ही फक्त समज देतो, आणि समज मी घरी देणारच होते. बॉयडने पिशव्या उचलल्या आणि ट्रकने त्या गिळल्या.

घरी आले तर एल्डन टेबलाशी चहा पीत बसलेला. बशी कपाटात होती, धडधाकट. मी ती हातात घेऊन उलटीसुलटी बघितली.

"दोनशे चौदाला कचरा टाकून आलास ना?"

"मी? दोन मैल चालत? मला फाटकापर्यंत जाऊन पत्रं आणायचा कंटाळा, थेल्मे."

"मग तुझी गाठ तिथे कशी आली?"

"या किनाऱ्यावर चाळीस माणसं ती गाठ मारतात. तुला मारता येत नाही म्हणून ती माझीच होत नाही."

हे खरं होतं. सार्डिनचं मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

पुढच्या शनिवारी त्याच्या हातून बशी पडली. तो फार ओशाळला, आईची म्हणून. मी खाली बसून तुकडे गोळा केले. तीन होते. एकावर बदकाचं नुसतं डोकं होतं. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून पारदर्शक पिशवीत टाकले आणि बराच वेळ स्वयंपाकघरात हात धूत उभी राहिले. तुकडे कसे पडावेत हे कुणाच्या हातात नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. तीन तुकडे पुष्कळ बशांचे होतात.

पुढच्या फेरीच्या मंगळवारी आमच्या पिशव्या मी नेहमीसारख्या बाहेर ठेवल्या. ठेवल्यावर मागे सरून पाहिलं. डब्यांची संख्या, दुधाचा चेपलेला खोका, वर्तमानपत्राच्या गुंडाळीतून डोकावणारा निळा काठ. पंधरा दिवसांपूर्वी दोनशे चौदाला मी ज्या पिशव्या पाहिल्या होत्या, त्या या होत्या. सारख्या दिसणाऱ्या म्हणत नाही मी. त्याच होत्या. एकोणीस वर्षांत मी एवढं तरी शिकलेय.

त्या दिवशी मी सगळी घरं सोडून आधी दोनशे चौदा गाठलं.

पाटीखाली एकच पिशवी होती, पारदर्शक. या खेपेची गाठ कोळ्याची नव्हती. दोन कान उलटसुलट बांधून टोकं आत खोचलेली. मी तशी बांधते.

वरूनच रबराचा बूट दिसत होता. हिरवा, उजव्या पायाचा, टाचेला सायकलच्या ट्यूबचं लाल ठिगळ. ते ठिगळ एल्डनने माझ्यासमोर चिकटवलं होतं आणि अर्धा डिंक माझ्या टेबलावर सांडला होता. बूट वरपासून घोट्यापर्यंत सरळ रेषेत कापलेला होता. असं कोण कापतं ते मला माहीत आहे. माझ्या नवऱ्याचं स्वेटर हॉस्पिटलमधून असंच कापलेलं परत आलं होतं. ॲम्ब्युलन्सवाल्यांना वेळ नसतो.

मी पिशवी उघडली.

बुटाच्या खाली गोळ्यांचा पुठ्ठा होता. नावाची चिठ्ठी फाडलेली. ती फाडून टाकावी असं मीच लोकांना सांगत असते. तारखा मात्र होत्या. आठवडा याच रविवारी सुरू झालेला. रविवारची चारही घरं फुटलेली. सोमवारची, मंगळवारची, बुधवारचीही. गुरुवारची सकाळ फुटलेली, दुपार फुटलेली. गुरुवारची संध्याकाळ तशीच होती, तिच्यात दोन पांढऱ्या आणि एक गुलाबी गोळी. तिथून पुढची सगळी घरं भरलेली.

आज मंगळवार होता. हाच पुठ्ठा त्या क्षणी माझ्या स्वयंपाकघरात खिडकीच्या फळीवर होता आणि त्याची आजची सकाळ मी स्वतः फुटलेली बघून आले होते.

मागे ट्रकचा ब्रेक वाजला.

"थेल्मा? तोंड बघ तुझं. काय आहे त्यात?"

"औषधं आहेत."

"मग गोळ्या काढून घे, बाकीचं मी उचलतो. पाऊण तास उशीर झालाय आपल्याला."

"हात लावू नकोस, बॉयड!"

तो तसाच थांबला. मी एवढ्या जोराने त्याच्यावर कधी ओरडले नव्हते.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच हिशेब होता आणि त्याची मला लाज वाटत होती. मागची पिशवी उचलली गेली आणि बशी फुटली. ही उचललीच नाही तर? हे शहाण्या माणसाचं बोलणं नव्हे. पण नियमानं बघितलं तरी ती पिशवी चुकीचीच होती. उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकायच्या नसतात, औषधाच्या दुकानात परत द्यायच्या असतात. मी ती चूक जन्मात केली नसती. ज्या बाईने ती गाठ बांधली तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि ते का नव्हतं हे मला पुठ्ठ्यावर दिसत होतं.

मी पिशवी पुन्हा बांधली. बंडलातून स्टिकर काढला, औषधांच्या ओळीपुढे खूण केली आणि तळहाताने दाबून दाबून चिकटवला.

"नाही उचलायची," मी म्हटलं.

"तू म्हणशील तसं." बॉयड ट्रक पुढे घेऊन गेला. जाताना त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

बुधवारी सकाळी मी पुन्हा तिथे गेले. पिशवी नव्हती. गवतावर दहिवर गोठलं होतं, पांढरंशुभ्र, आणि त्यातून काहीतरी ओढत नेल्याची एक हिरवी पट्टी पाटीपासून निघाली होती. ती सरळ तळघराच्या खड्ड्यापर्यंत गेली होती. पावलांचे ठसे नव्हते. मी काठापर्यंत गेले नाही. ज्याचं त्याने परत नेलं होतं, नियमाप्रमाणे.

गुरुवारी मी रजा टाकली. एल्डनचे बूट पहाटेच माझ्या पिकअपमध्ये लपवले. त्याला धक्क्यावर जाऊन आपली छोटी होडी रंगवायची होती. तिथला उतार शेवाळाने निसरडा असतो.

"माझे बूट कुठे गेले?"

"मला काय माहीत. तू कुठेही टाकतोस."

"थेल्मे, तू सकाळपासून माझ्या मागे कोंबडीसारखी का फिरतेयस?"

"बस गुपचूप. खारा कॉड मासा उकडायला टाकलाय. जेवू आणि क्रिबेज खेळू."

खाऱ्या कॉडसाठी तो काहीही करतो. राहिला. दुपारच्या गोळ्या घेतल्या. आम्ही पत्ते मांडले. तो जिंकत होता आणि मला चिडवत होता. मला त्याचं चिडवणं इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

चार वाजून वीस मिनिटांनी रस्त्यावर ट्रकचा आवाज आला.

गुरुवारी ट्रक नसतो. आवाज आमच्या फाटकाशी येऊन मंद झाला. ब्रेक वाजला. इंजिन सुरूच राहिलं, खिडकीची काच त्याने बारीक थरथरत होती. स्वयंपाकघरात ओल्या शेवाळाचा वास आला.

एल्डनने पत्ता टाकायला हात उचलला होता. तो हात तसाच राहिला. त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला. डोळे माझ्याकडे होते, पण मला बघत नव्हते.

मी खिडकीकडे पाहिलं नाही. मी त्याचं मनगट धरून ठेवलं. नाडी मला सापडली नाही, पण मी काही नर्स नव्हे.

मग गियर पडल्याचा आवाज आला आणि ट्रक निघून गेला.

"पंधरा, दोन गुण," एल्डन म्हणाला आणि पत्ता टाकला. "काय गं, हात का धरलास? हरायला लागलीस की रडीचा डाव?"

संध्याकाळी सहाला त्याने पुठ्ठ्यातलं गुरुवार संध्याकाळचं घर फोडलं. दोन पांढऱ्या, एक गुलाबी. पाण्याबरोबर गिळल्या. मी मोरीशी गेले, नळ पूर्ण सोडला आणि त्याच्या आवाजाआड पोटभर रडून घेतलं. जिवात जीव आला होता. जगात कुणी माझ्याएवढं सुखी नव्हतं त्या रात्री.

त्यानंतरच्या फेरीच्या मंगळवारी दोनशे चौदाला काही नव्हतं. मी हसत हसत पुढची घरं केली. परतताना बॉयडने ट्रक माझ्या पिकअपशेजारी उभा केला.

"एल्डन कुठे गावाला गेलाय का?"

"घरीच आहे. का?"

"काही नाही. तुमची पिशवी आज अर्ध्यावर होती. एका माणसाची असते ना, तशी."

त्याने सहज म्हटलं होतं. मी घरी गेले ती थेट हिरव्या डब्याकडे. तो डबाही त्या सकाळी रिकामा झाला होता, म्हणून मला दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबावं लागलं.

बुधवारी न्याहारीला एल्डनने माझ्यासमोर दोन अंडी खाल्ली, मी एक. टरफलं त्याने स्वतः डब्यात टाकली. तो उठून गेल्यावर मी डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. एकाच अंड्याचं टरफल होतं. माझ्या.

मी त्याला संत्रं दिलं. त्याने सोललं, बोटांना वास लागला, सालं डब्यात गेली. डब्यात सालं नव्हती. सार्डिनचा डबा त्याने फोडलेला मी पाहिला, तेल मिशीला लागलेलं पाहिलं, डबा निळ्या पिशवीत पडल्याचा खण्ण आवाज ऐकला. पिशवीत डबा नव्हता. गोळ्यांचे रिकामे पुठ्ठेसुद्धा नाहीत. त्याचं जे काही बाहेर पडायचं, ते कुठेच पडत नव्हतं.

पारदर्शक पिशवी समोर धरून मी ती परक्या घराची असल्यासारखी वाचली. एक बाई, एकटी, साठीच्या आसपास. दुसरं कुणी या घरात राहत नाही.

मला सार्डिन आवडत नाहीत. तरी त्या आठवड्यात मी रोज एक डबा खाल्ला. झाकण आत दाबलं, चहाची पिशवी पिळून त्यात टाकली. पिशवी पहिल्यासारखी दिसावी एवढंच मला हवं होतं. लोकांच्या लबाड्या पकडण्यात माझं आयुष्य गेलं, आणि आता मी स्वतः उष्टे डबे मांडत होते.

एल्डन मात्र बदलत चालला होता. चिडवायचा कमी झाला. एकदा मी आत आले तर तो सार्डिनचा डबा गरम पाण्याने धूत होता, कोपरा न् कोपरा, फडक्याने पुसून.

"आज सूर्य कुठून उगवला?" मी विचारलं.

"नीट असलेलं बरं. तू सांगत असतेस ना." तो डबा उजेडात धरून बघत राहिला. "थेल्मे, त्या गुरुवारी मला कुठेतरी जायचं होतं का गं?"

"धक्क्यावर. होडीला रंग द्यायला."

"नाही, ते नव्हे. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. निघायचं होतं आणि निघालोच नाही."

"म्हातारा झालास तू. विसरतोस."

"असेल," तो म्हणाला.

मेच्या पहिल्या मंगळवारी मी फेरी करत करत आमच्या दारापाशी आले. उजाडलं होतं, पण धुक्यात सगळं करडं होतं. रस्त्याच्या कडेला पिशव्या ओळीने होत्या. पारदर्शक, निळी, कागदांची, मग हिरवा डबा आणि डब्याच्या शेजारी एल्डन.

त्याने रविवारचा कोट घातला होता. दाढी केली होती. हात अंगाशी सरळ, तोंड रस्त्याकडे.

"इथे काय करतोयस? आत जा, गारठा आहे."

"ट्रक यायच्या आधी बाहेर असावं लागतं ना," तो म्हणाला.

वळणाच्या पलीकडे बॉयडच्या ट्रकचा ब्रेक वाजला. मी एल्डनचा दंड धरून ओढला. चाळीस वर्षं दोर ओढलेला माणूस, जागचा हलला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. ट्रकचे दिवे धुक्यातून मोठे होत आले.

माझ्या हातात बंडल होतं. मी एक स्टिकर सोलला आणि त्याच्या छातीवर लावला.

बॉयड उतरला. पिशव्या उचलल्या. हिरवा डबा ओतला. मग तो एल्डनपुढे आला आणि उभा राहिला. एल्डन दिसला की बॉयडने नमस्कार-चमत्काराशिवाय, दोन टोमण्यांशिवाय त्याला कधी सोडलेलं नाही. त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही. त्याची नजर स्टिकरवर गेली. तो मागे फिरला, चढला आणि ट्रक घेऊन गेला.

एल्डन जरा वेळ तसाच उभा होता. मग वळला आणि आपला आपण घरात परत गेला.

नंतर मी बॉयडला गाठून विचारलं, "त्या दिवशी तू एल्डनशी का बोलला नाहीस?"

"एल्डन कधी दिसला मला?" तो गोंधळला. "तुमच्या दारातलं स्टिकरवालं तेवढं ठेवलं. बाकी उचललं."

"काय होतं ते?"

तो आठवायला लागला. खूप आठवलं त्याने. "स्टिकर होता," तो शेवटी म्हणाला.

अशा पाच खेपा झाल्या आहेत. दर वेळी तो उभा असतो, दर वेळी मी स्टिकर लावते. मी काय करतेय ते मला माहीत आहे. घरात तो समोर बसतो, जेवतो, पत्ते वाटतो, माझा हात त्याच्या हाताला लागतो, आणि मला तेवढं पुरतं. त्याला पुरत नाही, हेही मला दिसतं. पण मी एकटी राहू शकत नाही. राहवत नाही मला.

मागच्या खेपेला आत जाताना त्याने छातीवरचा स्टिकर सोलून माझ्यापुढे धरला. त्यावर एकही खूण नव्हती. मी कधी केलीच नाही.

"थेल्मे, माझं चुकतंय काय, तेवढं तरी लिही ना," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी नम्र होता, नव्या बिऱ्हाडातली माणसं विचारतात तसा. "म्हणजे पुढच्या वेळी नीट करून येईन."

मी तो त्याच्या हातातून घेतला आणि घडी घालून खिशात कोंबला.

आज सोमवार आहे, उद्या फेरी. दुपारच्या बातम्यांत सांगितलं की उद्या पहाटेपासून समुद्रावरून जोराचा पाऊस येणार आहे आणि दिवसभर हटणार नाही. एल्डनने शांतपणे ऐकलं. मग माळ्यावर गेला आणि होडीवर असताना घालायचा आपला जुना पिवळा मेणकापडी रेनकोट खाली घेऊन आला. मोरीशी उभं राहून त्याने तो घासून धुतला, बाह्या, कॉलर, छाती, सगळं. आता तो दाराजवळच्या खुंटीवर निथळतोय. मी मघाशी बंडलातला एक स्टिकर काढून त्याच्यावर लावून पाहिला. आणखी एक लावून पाहिला.

त्या कापडावर काहीच चिकटत नाही.